अलाइनमेंटला जाण्याआधी : गाडीचं स्टिअरिंग घरच्या घरी कसं तपासावं

‘गाडी डावीकडे ओढतेय’ एवढं म्हटलं की गॅरेजमधलं पुढचं वाक्य ठरलेलं असतं : ‘अलाइनमेंट आउट आहे साहेब, करून घ्या.’ गाडी मशीनवर चढते, पडद्यावरचे लाल आकडे हिरवे होतात, पैसे दिले जातात आणि चार दिवसांनी गाडी पुन्हा डावीकडे जायला लागते. मशीन खोटं बोललेलं नसतं. अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन लावून देणं. ते कोन ज्या सांध्यांनी धरून ठेवायचे, तेच ढिले असतील तर मशीनवरून उतरल्यावर पहिल्याच गतिरोधकाला आकडे हलतात. आणि टायरमधली हवाच कमी असेल, तर कोन कितीही बरोबर असले तरी गाडी ओढणारच.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी हवा आणि टायर, मग स्टिअरिंगचा प्ले (म्हणजे ढिलाई), मग खालचे सांधे, मग रस्त्यावरची चाचणी, आणि सगळ्यात शेवटी अलाइनमेंट. पावसाळ्यातल्या खड्ड्यांनंतर, घाटातल्या मोठ्या प्रवासाला निघण्याआधी किंवा जुनी गाडी विकत घेताना ही तपासणी जरूर करा. मेकॅनिक असण्याची गरज नाही. मदतीला एक माणूस मात्र हवा. चाक हलवणारा आणि सांधा पाहणारा एकच असू शकत नाही.

काय तपासतोय ते आधी

आजच्या बहुतेक मोटारींत रॅक आणि पिनियन पद्धतीचं स्टिअरिंग असतं. हातातल्या चाकापासून कॉलम खाली येतो, पायाजवळ एक-दोन युनिव्हर्सल जॉइंट असतात (गॅरेजात यांना ‘क्रॉस’ म्हणतात), त्याखाली पिनियन. पिनियन फिरला की दात्यांची पट्टी, म्हणजे रॅक, डावी-उजवीकडे सरकते. रॅकच्या दोन्ही टोकांना आतल्या बाजूला रॅक एंड आणि बाहेरच्या बाजूला टाय रॉड एंड. टाय रॉड एंड नकलला (चाक ज्यावर बसतं तो धातूचा भाग) धरतो, नकल चाकाला. नकलच्या खाली लोअर आर्मचा बॉल जॉइंट आणि वर शॉकअप, त्याच्या डोक्यावर माउंटचं बेअरिंग. या साखळीत कुठेही झीज झाली तरी ती हाताला एकच गोष्ट सांगते : ‘काहीतरी ढिलं आहे.’ नेमकं कुठे, ते आपल्याला शोधायचं आहे.

साहित्य फार नाही. हवेचा गेज, फूटपट्टी, चिकटपट्टी, टॉर्च, जॅक, दोन घोड्या (उचललेल्या गाडीखाली लावायचे स्टँड), चाकांना लावायला लाकडी ठोकळे किंवा विटा, आणि एक टॉमी (लोखंडी पहार). वीट फक्त चाक घरंगळू नये म्हणून. गाडीचं वजन विटांवर कधीही टेकवू नका, ती न सांगता फुटते.

हवा आणि टायर

हवा गार टायरमध्ये मोजायची, म्हणजे सकाळी, गाडी हलवण्याआधी. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. टायरच्या कडेवर छापलेला आकडा हा त्या टायरची कमाल मर्यादा असतो, तो भरायचा नाही. पुढच्या दोन टायरमध्ये चार-पाच पीएसआयचा फरक असला तरी गाडी कमी हवेच्या बाजूला झुकते. पंपावरच्या मुलाने ‘तीस-तीस मारू का?’ विचारलं की आपण मान हलवतो, आणि पंपाचा गेज खरा आहे की नाही ते कोणीच पाहत नाही. स्वतःचा गेज ठेवा.

मग टायरची झीज वाचा. हे खरंच वाचन आहे, घाई करू नका. दोन्ही कडा झिजल्या आणि मधला भाग शाबूत, तर हवा बराच काळ कमी राहिलेली आहे. मधलाच पट्टा झिजला तर जास्त. एकच कड, बहुधा आतली, गुळगुळीत झाली असेल तर टो (वरून पाहताना चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) किंवा कॅम्बर (समोरून पाहताना चाक कललेलं असण्याचा कोन) बिघडलेला. आतली कड उभं राहून दिसत नाही. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला फिरवून टॉर्च मारा. जुन्या गाडीच्या सौद्यात बाहेरून चकाचक दिसणाऱ्या टायरची आतली कड तारेपर्यंत गेलेली असू शकते.

आता तळहात ट्रेडवरून (टायरचा रस्त्याला टेकणारा भाग) आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेने हात मऊ सरकतो आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखी धार लागते का? लागली तर टो बिघडलेला आहे, मशीनवर न चढवताही हे नक्की. तार बाहेर आलेली असू शकते, म्हणून आधी नजर, मग हात. ट्रेडवर जागोजागी खोलगट चट्टे असतील तर तो शॉकअपचा किंवा बॅलन्सिंगचा दोष, स्टिअरिंगला दोष देऊ नका. बाजूच्या भिंतीवर फुगवटा दिसला तर तपासणी इथेच थांबवून आधी टायर बदला.

सीटवर बसून

गाडी सपाट जागी, चाकं सरळ, इंजिन चालू. खिडकी उघडून मान बाहेर काढा म्हणजे पुढचं चाक दिसेल. स्टिअरिंगच्या कडेवर एक चिकटपट्टी लावा, तिच्यासमोर डॅशबोर्डच्या बाजूला फूटपट्टी धरा. आता दोन बोटांनी स्टिअरिंग हळूच डावीकडे न्या, चाक हलायला लागणार त्या क्षणाला थांबा. मग उजवीकडे तसंच. या दोन टोकांमधलं अंतर म्हणजे प्ले.

किती चालतो? केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ९८ वा नियम सांगतो की स्टिअरिंगमध्ये ३० अंशांपेक्षा जास्त ढिलाई नसावी. ऐकायला कमी वाटतं. पण साधारण ३७ सेंटीमीटर व्यासाच्या स्टिअरिंगवर ३० अंश म्हणजे कडेवर जवळजवळ पावणेदहा सेंटीमीटर होतात! हा नियम ट्रकपासून टॅक्सीपर्यंत सगळ्यांना लागू आहे, त्यामुळे तो एवढा सैल आहे. छोट्या मोटारींच्या पुस्तिकांमध्ये मात्र साधारण ३० मिलिमीटरपर्यंतचा प्ले ठीक धरलेला असतो, म्हणजे जेमतेम नऊ अंश. तेव्हा ‘फिटनेसला पास होते की’ हा युक्तिवाद तुमच्या हॅचबॅकला लावू नका. चांगल्या रॅकच्या गाडीत बोटभर सुद्धा प्ले जाणवत नाही. त्याच नियमात आणखी एक कामाची गोष्ट आहे : स्टिअरिंगच्या सगळ्या बॉल जॉइंटना रबरी टोप्या असल्याच पाहिजेत आणि बोल्ट-पिना पक्क्या लॉक केलेल्या असल्या पाहिजेत. खाली गेल्यावर हे पाहायचं आहे.

प्ले मोजून झाला की स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून वर-खाली आणि स्वतःकडे ओढून पाहा. खडखडलं तर कॉलमचा बुश किंवा टिल्टचा खटका सैल आहे. खटक्याचा किंचित प्ले असतोच, पण हातात खळखळणं बरोबर नाही.

नंतर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. मधोमध सरळ ठेवून डावीकडे किती वळसे आणि उजवीकडे किती, ते मोजा. बहुतेक छोट्या गाड्यांत टोकापासून टोकापर्यंत तीन ते चार वळसे होतात, आणि मधून दोन्हीकडे ते सारखे असले पाहिजेत. एका बाजूला पाव वळसा जास्त निघाला तर कोणीतरी टाय रॉड एकाच बाजूने फिरवून ‘अलाइनमेंट’ केली आहे, किंवा स्टिअरिंगचं चाक काढून दुसऱ्या दात्यावर बसवलं आहे, किंवा गाडी ठोकलेली आहे. तिन्ही शक्यता जुनी गाडी घेणाऱ्याने विक्रेत्याला विचाराव्यात अशाच आहेत.

फिरवताना हाताकडे लक्ष द्या. एका वळशात दोनदा, म्हणजे अर्ध्या-अर्ध्या वळशाला, जड-हलकं होत असेल तर क्रॉस गंजून आवळला आहे. पावसाळ्यात फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) पलीकडे पाणी लागतं, तिथे हे विशेष होतं. सगळीकडेच सारखं जड असेल तर कारण वेगळं आहे, त्याकडे पॉवर स्टिअरिंगच्या भागात येऊ. फिरवताना बॉनेटच्या बाजूने ‘टण्ण’ असा स्प्रिंग सुटल्याचा आवाज आला तर शॉकअपच्या माउंटचं बेअरिंग अडकलं आहे : स्प्रिंग पीळ खाते आणि मग झटक्यात सुटते.

चाकं जमिनीवर असताना

ही सगळ्यात उपयोगाची चाचणी, आणि नेमकी हीच टाळली जाते, कारण हिला दोन माणसं आणि पाच मिनिटं लागतात. गाडी स्वतःच्या वजनावर उभी असते तेव्हाच टाय रॉड एंड आणि रॅक एंड खऱ्या भाराखाली असतात. जॅकवर लोंबकळणाऱ्या चाकात झिजलेला सांधाही कधी कधी शहाण्यासारखा वागतो.

गाडी गॅरेजमधल्या तपासणीच्या खड्ड्यावर किंवा रॅम्पवर असेल तर उत्तम. नाहीतर स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण फिरवून चाकाच्या कमानीतून टाय रॉड एंड दिसतो, तेवढं पुरे. हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना ठोकळे. मदतनीस सीटवर. त्याला सांगायचं : पूर्ण फिरवू नकोस, घड्याळातल्या अकरा ते एकच्या दरम्यान पटापट डावं-उजवं कर. हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवावं लागतं. मग गाडीखाली न जाता कमानीतूनच पाहा, आणि पंखा, बेल्ट यांच्या आसपास हात न्यायचा नाही.

आता टाय रॉड एंडवर बोट ठेवा, असं की अर्धं बोट सांध्याच्या डोक्यावर आणि अर्धं नकलच्या कानावर. चांगल्या सांध्यात दोन्ही एकदम हलतात, बोटाखाली काहीच घडत नाही. झिजलेल्या सांध्यात आधी डोकं हलतं, मग एक बारीक ‘टक’ आणि मग नकल. डोळ्यांना ही फट दिसेलच असं नाही, बोटाला कळते. इथून आत या. रॅकच्या रबरी बूटवरून मुठीत टाय रॉड धरा आणि मदतनिसाला पुन्हा हलवायला सांगा. रॅक एंड खराब असेल तर बुटाच्या आत ठोका जाणवतो. त्यानंतर रॅक जिथे सबफ्रेमला (गाडीखालच्या चौकटीला) बोल्टने धरलेला असतो ते बुश बघा : दाते सरकण्याआधी अख्खा रॅकच कडेला सरकतो का? शेवटी सीटवर परत जाऊन पायाजवळच्या क्रॉसवर हात ठेवा. वरचा भाग फिरला आणि खालचा उशिरा, तर तिथला जॉइंट किंवा त्याचा आवळणारा बोल्ट.

‘काय रे, हलतोय का?’ ‘साहेब, थोडा हलतोय, पण एवढा चालतो.’ हा संवाद प्रत्येक गॅरेजात होतो. टाय रॉड एंडच्या बाबतीत ‘एवढा चालतो’ असं काही नसतं. बाकी बरंच काही पुढच्या पगारावर ढकलता येतं, पण या सांध्याची टोपी फाटलेली आणि आत प्ले असेल तर तो आज बदला. सांधा निसटला तर त्या बाजूचं चाक कुणाच्याच ताब्यात राहत नाही.

बोटाचं काम झालं की टॉर्चचं. टाय रॉड एंडची रबरी टोपी फाटून ग्रीस बाहेर आलंय का? नटातली स्प्लिट पिन जागेवर आहे का, की तिच्या जागी वाकवलेली तार? (सेल्फ-लॉकिंग नट असलेल्या गाडीत पिन नसते, घाबरू नका.) टाय रॉडवरचा लॉक नट आवळलेला आहे का? लॉक नटच्या बाहेर दोन्ही बाजूंना साधारण सारखेच आटे दिसायला हवेत. एका बाजूला पाच आणि दुसऱ्या बाजूला बारा दिसले, तर गाडीची एक बाजू कधीतरी वाकली आहे आणि आट्यांनी ती झाकली आहे. रॅकचे बूट चिमटून पाहा. कुठे चीर असेल तर आत धूळ-पाणी जाऊन रॅक झिजायला सुरुवात झाली समजा. हायड्रॉलिक गाडीत बूट दाबल्यावर आत तेल खळखळलं तर रॅकचं सील गेलं. नुसता बूट बदलून ते थांबत नाही.

जॅकवर

गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक, मागे ठोकळे. जॅक कंपनीने दाखवलेल्या खाचेतच. उचलल्यावर घोडी लावा आणि मगच चाकाला हात लावा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, पाच सेकंदांसाठीसुद्धा.

चाक तीन आणि नऊच्या जागी धरून झटके द्या. प्ले आला तर संशय टाय रॉड एंड किंवा रॅक एंडवर. मग बारा आणि सहावर धरून तसेच झटके. इथे प्ले आला तर लोअर आर्मचा बॉल जॉइंट, नाहीतर हब बेअरिंग. दोन्ही दिशांना सारखाच प्ले असेल तर बहुधा बेअरिंगच. खात्री करायची सोपी रीत : मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गायब झाला तर दोष बेअरिंगचा, राहिला तर सांध्याचा. ठोकळे तसेच ठेवून गाडी न्यूट्रलमध्ये घ्या आणि चाक हाताने फिरवून घरघर ऐका, हीही बेअरिंगची परीक्षा. फिरवताना ते कुठे घासून अडतंय का, तेही बघून ठेवा. चिकटलेला ब्रेक कॅलिपर गाडीला एका बाजूला ओढतो आणि शिव्या अलाइनमेंटवाला खातो.

लोअर आर्मचे बुश टॉमीने हळूच उचकून पाहता येतात. रबर फाटून धातू धातूला लागत असेल तर बदलायचेच. बॉल जॉइंटच्या टोपीवर टॉमी लावू नका, तपासताना फाडून ठेवाल.

पॉवर स्टिअरिंग

आजच्या छोट्या गाड्यांत बहुतेक इलेक्ट्रिक. चावी ऑन केली की मीटरमध्ये ईपीएसचा (इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगचा) दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. लागलाच नाही तर तो बंद केलेला असू शकतो. जुनी गाडी घेताना हे आवर्जून पाहा. दिवा लागून राहिला आणि स्टिअरिंग दगड झालं, तर आधी बॅटरी बघा, मग मोटर. उभ्या गाडीची चांगली बॅटरी १२.४ व्होल्टच्या वर दाखवते आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साठली असेल तर अख्खी मोटर बदलण्याआधी ती साफ करा. पार्किंगमध्ये उभ्या गाडीवर बराच वेळ टोकापासून टोकापर्यंत फिरवत राहिलात तर मोटर तापून मदत कमी होते आणि थंड झाल्यावर परत येते. ती यंत्रणा स्वतःला सांभाळतेय, बिघाड नाही.

हायड्रॉलिकमध्ये तेलाची टाकी, बेल्ट आणि पाइप. तेलात फेस दिसला तर हवा शिरली आहे, जळका वास आणि काळा रंग असेल तर तेलाचे दिवस भरले. कुठलं तेल भरायचं ते टाकीच्या झाकणावर किंवा पुस्तिकेत असतं, अंदाजाने ब्रेक ऑइल ओतू नका, सीलं फुगतात. फिरवताना कण्हल्यासारखा आवाज कमी तेलाचा किंवा थकलेल्या पंपाचा. टोकाला नेऊन चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवायचं नाही, तिथे दाब सर्वांत जास्त असतो.

स्टिअरिंगच्या चाकात एअरबॅग आहे. चाक खोलणं, कॉलमवर हातोडी मारणं हे घरचं काम नाही. रस्त्याकडेच्या गॅरेजात ‘सरळ करून देतो’ म्हणून चाक उपसणारे भेटतात. त्यात एअरबॅगची सर्पिल वायर तुटते आणि हॉर्नसकट सगळं बंद पडतं.

रस्त्यावर

सांधे ठीक वाटले तरच रस्त्यावर. टाय रॉड एंड किंवा बॉल जॉइंटमध्ये ठोका असेल तर रोड टेस्ट करायची नाही, गाडी टोइंग करून न्या.

रस्ता निवडणं हे निम्मं काम. रुंद, सरळ, सपाट, रहदारी कमी असा हवा. एमआयडीसीतले अंतर्गत रस्ते साप्ताहिक सुटीला यासाठी छान. पिंपरी-भोसरीकडच्यांना गुरुवार ओळखीचाच आहे. पाणी निचरावं म्हणून आपले रस्ते कडेला उतरते केलेले असतात आणि आपण डावीकडून चालतो, त्यामुळे निर्दोष गाडीही हलकेच डावीकडे वाहत जाते. हे विसरून कित्येक जण बिनदोषाच्या गाडीचे कोन बिघडवून घेतात. उजवीकडच्या लेनमध्ये, जिथे रस्ता सपाट आहे तिथे, पुन्हा पाहा. गाडी सरळ गेली तर दोष रस्त्याच्या उताराचा.

पहिली पायरी मोकळ्या मैदानात, माणसाच्या चालीने. दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून गोल फिरा. वळताना पुढच्या चाकातून ‘कट-कट-कट’ आला आणि ॲक्सिलरेटर दिल्यावर वाढला तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट. तो स्टिअरिंगचा भाग नाही, पण ऐकू येतो तिथूनच.

मग ताशी २०-३० किमीवर वळण घ्या आणि बाहेर पडताना पकड सैल करा, हात सोडू नका, तळवे कडेजवळच ठेवा. स्टिअरिंग स्वतःहून मधे यायला हवं. अर्ध्यावर अडकून राहिलं तर आवळलेला बॉल जॉइंट, शॉकअपचं माउंट, क्रॉस किंवा कमी हवा. इलेक्ट्रिकमध्ये परतणं थोडं सुस्त वाटतं, पण दोन्ही बाजूंनी सारखं सुस्त हवं.

पुढे ताशी ५०-६०. सरळ रस्त्यावर स्टिअरिंगचं चाक सरळ दिसतंय का? गाडी सरळ पण चाक तिरकं, असं असेल तर टो दोन बाजूंना असमान लावलाय. चाक सरळ धरून गाडी सतत एका बाजूला जोर लावत असेल तर ते ओढणं. ते ॲक्सिलरेटर सोडल्यावर बदलतं का, दाबल्यावर बदलतं का, टिपून ठेवा. मग मागे कोणी नसताना बेताने ब्रेक लावा. फक्त ब्रेकवर ओढली तर कॅलिपर किंवा लोअर आर्मचा बुश, अलाइनमेंट नव्हे. ब्रेकवर स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क असमान झिजलेली.

थरथर ब्रेकशिवायच, आणि ठरावीक वेगाला, साधारण ८० ते १०० च्या दरम्यान येऊन त्यापुढे-मागे कमी होत असेल तर बॅलन्सिंग किंवा वाकलेली रिम. ही चाचणी हायवेवरच, वेगमर्यादा पाळून.

शेवटी खराब पट्टा. इथे कान उघडे ठेवा. गतिरोधकावरून दोन्ही पुढची चाकं एकदम गेल्यावर शांत, पण एकच चाक खड्ड्यात गेल्यावर खटखट, असं असेल तर पहिला संशय लिंक रॉडवर, म्हणजे स्टॅबिलायझर बारला (वळताना गाडीचं कलणं कमी करणारी दांडी) चाकाच्या बाजूशी जोडणाऱ्या छोट्या रॉडवर. दोन्ही चाकं एकत्र उचलली जातात तेव्हा स्टॅबिलायझर बार पीळ खात नाही, लिंकवर भार येत नाही. हीच खटखट स्टिअरिंगच्या चाकात बोटांना जाणवत असेल तर रॅक किंवा टाय रॉड. लिंक रॉड तुलनेने स्वस्त, रॅक महाग, त्यामुळे ‘रॅक गेला’ ऐकल्यावर आधी ही परीक्षा घ्या.

परत आल्यावर, थांबता क्षणी, चारही रिमजवळ तळहात न्या, टेकवू नका. पुढच्या दोनपैकी एकाचीच धग जास्त असेल तर तिथला ब्रेक चिकटतोय.

आणि गाडी अजूनही ओढत असेल, सांधे ठीक, ब्रेक ठीक, तर पुढचे दोन टायर डावे-उजवे बदला आणि त्याच रस्त्यावर पुन्हा जा. ओढ बाजू बदलून आली तर दोष टायरचाच, आतल्या बांधणीचा. बाजूच्या भिंतीवर फिरण्याच्या दिशेचा बाण असलेले टायर मात्र बाजू बदलून लावत नाहीत, ते त्याच बाजूला पुढचे मागे करा. ही अदलाबदल फुकट आहे.

जुनी जीप, जिप्सी, ट्रक

इथे रॅक नसून स्टिअरिंग बॉक्स असतो, त्याचा आर्म आणि लांब रॉड, त्यामुळे सांधे जास्त आणि थोडा प्ले स्वाभाविक. बॉक्सवरचा ॲडजस्टिंग स्क्रू आवळून प्ले मारायचा मोह टाळा. रॉडचे सांधे आधी बघा. स्क्रू जास्त आवळला तर स्टिअरिंग मधल्या जागी अडतं, वळणानंतर परतत नाही आणि आतले दाते खराब होतात. पुढे अखंड ॲक्सल आणि किंगपिन (चाक ज्याभोवती वळतं ती पिन) असलेल्या गाडीत जॅकवर बारा-सहाचा प्ले बहुधा किंगपिनचा.

आता अलाइनमेंट

टायरची हवा बरोबर, ढिले सांधे बदललेले, बूट शाबूत. आता मशीनवर जाण्यात अर्थ आहे. जाताना गाडीत नेहमी असतं तेवढंच वजन ठेवा. डिकीमध्ये सिमेंटच्या गोण्या असतील तर कोन वेगळे येतील. काम सुरू होण्याआधी स्टिअरिंगचं चाक सरळ करून क्लॅम्प लावलाय का ते पाहा, आणि ‘आधीचे’ व ‘नंतरचे’ दोन्ही आकडे छापलेला कागद मागा. फक्त नंतरचा दिला तर आधी काय बिघडलं होतं ते कळायला वाव नाही. बहुतेक छोट्या गाड्यांत पुढे टोच लावता येतो. कॅम्बर-कॅस्टर (कॅस्टर म्हणजे बाजूने पाहताना चाक वळण्याच्या अक्षाचा कल) लाल राहिले आणि ‘ॲडजस्ट होत नाही’ म्हणाले, तर ते खरं असू शकतं. पण तो आकडा दोन्ही बाजूंना वेगळा असेल तर काहीतरी वाकलेलं आहे : नकल, लोअर आर्म किंवा सबफ्रेम. ते शोधायला सांगा.

ईएससी (घसरताना गाडी सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) असलेल्या गाडीत अलाइनमेंटनंतर स्टिअरिंग अँगल सेन्सर शून्यावर आणावा लागू शकतो. ईएससीचा दिवा लागला तर पैसे देण्याआधी विचारा. बाहेर पडताना टाय रॉडचे लॉक नट आवळलेत का, हे स्वतः वाकून बघा. घाईत राहून जाणारी गोष्ट ती एवढीच. आणि पहिल्या चाचणीच्याच रस्त्यावर, त्याच लेनमध्ये, त्याच वेगाने एक फेरी मारून मगच कागद गाडीच्या फाइलमध्ये ठेवा. पुढच्या वेळी तेच आकडे समोर ठेवून ताडून बघता येतील.